माळ्यावरची हॉर्नेट : जपून ठेवू की चालवू?

गोदाकाठचा
मंडळी, एरवी मी वाचनमात्र. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

पंचवटीतला आमचा वाडा पाडायला काढलाय. गेल्या रविवारी माळा रिकामा करत होतो. फुटका बंब, २००३ च्या सिंहस्थात पाहुण्यांसाठी शिवून घेतलेल्या गाद्या, आणि त्या गाद्यांच्या मागे एक खोका. खोक्यावर काळी बग्गी, पिंजऱ्यात बसलेला ड्रायव्हर, कोपऱ्यात ते लाल-निळे तारे. तामिया या जपानी कंपनीची हॉर्नेट, रिमोटवर पळणारी गाडी! मी तिथेच धुळीत फतकल मारून बसलो.

१९८७ च्या दिवाळीत मामा मस्कतहून आले तेव्हा त्यांनी ही आणली. मी नऊ वर्षांचा. खोका उघडला तर आत पिशव्याच पिशव्या. मला वाटलं, मामांनी मोडकी गाडी आणली. मी रडलो होतो म्हणे. मग मामा आणि बाबा तीन रात्री जागले, चौथ्या दिवशी सकाळी गाडी वाड्याच्या चौकात उभी. पुढची दोन वर्षं चौकातल्या फरशीवर नुसता धुमाकूळ. एका मे महिन्यात मी ती पूर्ण वेगात दगडी जोत्यावर घातली, पुढचा बंपर गेला. तेव्हा नाशकात त्याचा भाग कुठून मिळणार! गाडी माळ्यावर गेली ती गेलीच.

आजची अवस्था अशी की टायर बोटाने दाबले तरी भेगा पडतात. बॅटरीतून पांढरट हिरवी भुकटी बाहेर आलीय. मागच्या शॉकअपमधलं तेल कधीच उडालंय. बॉडीचा काळा रंग आतून पापुद्र्यांनी सुटतोय. खालच्या दोन स्क्रूंची डोकी मी परवाच घालवली, तो पराक्रम ताजा आहे. पण चाक हाताने फिरवलं तर गिअरबॉक्स फिरतो, आणि तो कर्रकर्र आवाज ऐकून अंगावर काटा आला.

तर प्रश्न असा : पुसून काचेच्या कपाटात ठेवू, की चालवू? मुलगा (वय ११) म्हणतो चालवायची. बायको म्हणते, आधी माळ्यावरचं बाकीचं सामान खाली आण.

चहाबिस्किट
जबरी! फोटो दिसत नाहीयेत.
त्या बॅटरीच्या भुकटीवर खायचा सोडा आणि पाणी लावा, ब्रशने घासा. आमच्या इन्व्हर्टरचे टर्मिनल मी असेच साफ करतो.

दोनसेल
थांबा थांबा, सोडा नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत ॲसिड असतं, तिथे सोडा बरोबर. ही निकेल-कॅडमियम आहे, हिच्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली. अल्कलीवर सोडा घालून काय मिळणार? इथे पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, कापसाच्या काडीवर. मग ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा.

आणि भुकटी फुंकू नका. कॅडमियम विषारी असतं. हातमोजे घाला, बॅटरी पिशवीत बांधून ई-कचऱ्यात द्या, घंटागाडीत टाकू नका.

अजून एक, वायर बाहेरून चांगली दिसते म्हणून ठेवू नका. गळलेला अल्कली वायरच्या आवरणाच्या आतून वर चढत जातो. टोक सोला, तांबं काळं दिसलं की आणखी बोटभर कापा, पुन्हा सोला. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जायचं. काळ्या तांब्यावर सोल्डर धरतच नाही, थेंब मोत्यासारखा घरंगळतो.

जुनंतेसोनं
गोदाकाठचा, तुमचा हेवा वाटतो. खोका आहे, माहितीपुस्तिका आहे का? असेल तर आधी ती फोल्डरमध्ये घाला.

माझं मत स्पष्ट आहे : जशीच्या तशी. पेट्रोल, थिनर, नेलपेंट काढायचं द्रव, यातलं काहीही त्या बॉडीजवळ नेऊ नका. पॉलिकार्बोनेट आहे ते. थिनर लागला की आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उठतात आणि मग बॉडी वाळल्या पानासारखी तडकते. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. बस.

आणि कृपा करून हिला 'मॉडिफाय' करू नका. नवी हॉर्नेट बाजारात मिळते, २००४ मध्ये कंपनीने ती पुन्हा काढली. ज्याला कापाकापी करायची त्याने त्या नव्या गाडीची करावी. मामांच्या हातची गाडी एकच आहे.

अंबडफिटर
जुनंतेसोनं साहेब, राग मानू नका, पण कपाटात ठेवलेली गाडी म्हणजे फोटोला हार घातल्यासारखं. गाडी पळाली पाहिजे.

भाऊ, आधी स्क्रूचं बघू. डोकी गेली त्यात तुमचा दोष नाही, पेचकसाचा आहे. जपानी फुलीचे स्क्रू वेगळे असतात. आपला नेहमीचा फुलीचा पेचकस टोकाला जास्त निमुळता, तो त्यात पूर्ण तळाला टेकत नाही, जोर लावला की बाहेर चढतो आणि फुली खातो. ज्यांनी जुन्या जपानी मोटरसायकलचा कार्बोरेटर उघडलाय त्यांना ही गंमत माहिती. जेआयएस, म्हणजे जपानी मापाचा पेचकस घ्या, दोन नंबर. गेलेल्या डोक्यावर रुंद रबरबँड ठेवून दाबून फिरवा, नाहीच निघाला तर माझ्याकडे आणा.

परत लावताना एक युक्ती. प्लास्टिकमध्ये स्वतः आटे पाडणारे स्क्रू आहेत ते. भोकात ठेवला की आधी उलटा फिरवायचा, डावीकडे. 'टक' असं बोटाला जाणवतं, तेव्हा तो जुन्या आट्यात बसलेला असतो. मग सरळ घट्ट करा. तसंच घुसवलं तर दर वेळी नवे आटे पडतात आणि तीन-चार वेळा उघडल्यावर भोक पोकळ.

मुरूमखडी
वर जे म्हटलंय त्याला +१. त्या 'टक'साठीच मी अजून इलेक्ट्रिक पेचकस घेतलेला नाही.

लाटणे_आणि_लेथ
एक बावळट प्रश्न. माझा भाऊही या जुन्या गाड्यांच्या मागे वेडा आहे. हल्लीच्या गाड्या ऐंशीच्या स्पीडने जातात, पाण्यात चालतात, पडल्या तरी मोडत नाहीत. मग चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीत एवढं काय आहे?

जुनंतेसोनं
ताई, बावळट नाही, हाच प्रश्न आहे.

तामियाची पहिली रेडिओ कार १९७६ ची, पोर्शे ९३४. ती गुळगुळीत जमिनीवर चालणारी. १९७९ मध्ये त्यांनी रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर काढल्या आणि गाडी मातीत उतरली. सँड स्कॉर्चर बघा एकदा : वर फोक्सवॅगन बीटलची बॉडी, खाली फायबरग्लासची पट्टी, चाकं धरणारे धातूचे ओतीव आर्म, बीटलसारखेच ट्रेलिंग, म्हणजे पुढून मागे जाणारे. रेडिओचं सगळं सामान एका पारदर्शक बंद डबीत, पाणी जाऊ नये म्हणून. ते खेळणं नव्हतं, खऱ्या गाडीची लहान प्रत होती.

मग १९८२ ची वाइल्ड विली, १९८३ ची फ्रॉग. १९८४ ला ग्रासहॉपर आणि तिच्याच चासीवरची हॉर्नेट. ग्रासहॉपरमध्ये लहान ३८० मोटर, हॉर्नेटमध्ये मोठी ५४०. या दोन गाड्यांनी सामान्य घरातल्या पोरांच्या हातात रिमोट दिला. पण त्याच १९८४ मध्ये अमेरिकेत असोसिएटेड कंपनीने आरसी१० ही बग्गी आणली : सोनेरी ॲल्युमिनियमची चासी, लांब आर्म, चारही चाकांना नीट शॉकअप. ती केवळ शर्यतीसाठी बनवली होती. तिच्यानंतर सगळ्यांनाच शर्यत जिंकायची होती आणि गाड्या हळूहळू गाडीसारख्या दिसेनाशा झाल्या. आजची रेसिंग बग्गी बघा, चपटी पाचर. तिच्यात बसलेला माणूस कल्पनेतही येत नाही. हॉर्नेटमध्ये ड्रायव्हर बसलेला आहे, हेल्मेट घालून. फरक एवढाच, पण माझ्यासाठी पुरेसा.

लाटणे_आणि_लेथ
ड्रायव्हरचं पटलं. भावाला सांगते, नीट उत्तर देत जा म्हणावं.

दोनसेल
चालवायची ठरलं असेल तर विजेचं बोलू.

जुन्या गाडीत वेग कमी-जास्त करायला यांत्रिक कंट्रोलर असतो. सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर हलणारी छोटी मोटर, एक पितळी जीभ पट्ट्यांवरून सरकवतो आणि मधल्या वेगाला उरलेली वीज रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. हात लावून बघू नका, चटका बसतो. तो काढून खोक्यात जपून ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लावा. जागाही वाचते, एक सर्व्होही कमी होतो.

बॅटरी : जुनी म्हणजे सहा सेल गुणिले १.२, एकूण ७.२ व्होल्ट. आजची दोन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर) कागदावर ७.४, पण पूर्ण भरली की ८.४. साधी ५४० तेवढं सहज पचवते. फक्त कंट्रोलरला लायपो कळली पाहिजे, म्हणजे सेल ३.२ व्होल्टच्या आसपास आला की त्याने गाडी थांबवली पाहिजे. हे सेटिंग न करता चालवलं तर पहिल्याच दिवशी बॅटरी फुगून पोळी होते. घेण्याआधी खालची खोबण मोजा, चौकोनी कडांची बॅटरी बसेलच असं नाही, गोल कडांचीही मिळते. महिनाभर वापरणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. चार्जिंग समोर बसून, फरशीवर. आणि नाशिकच्या उन्हाळ्यात डिकीत लायपो ठेवून सिनेमाला जाऊ नका.

रेडिओ : जुना २७ मेगाहर्ट्झचा असेल, क्रिस्टलवाला. आठवण म्हणून ठेवा. आता २.४ गिगाहर्ट्झ, एकाच मैदानात दहा जणांनी चालवल्या तरी कुणाची गाडी कुणाच्या हातात जात नाही.

पहिलीच_खेप
तो पांढरा प्लॅस्टिकचा जुना प्लग ठेवला तर चालेल का?

दोनसेल
साध्या मोटरवर चालेल. मोठी मोटर टाकलीस तर प्लग तापून वितळतो आणि मग दोन्ही टोकं एकमेकांत कायमची लग्न लावून बसतात. एक्सटी६० प्लग लाव, विषय संपला.

गोदाकाठचा
सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिनेगरने चमत्कार झाला. वायर मात्र चार बोटं कापल्यावर तांबं लागलं.

निर्णय घेतलाय, दोन्ही पक्ष नाराज होतील असा. गाडी चालवायची, पण जुन्या भागात एकही नवं भोक पाडायचं नाही. जे काढू ते खोक्यात जाईल आणि उद्या वाटलं तर एका संध्याकाळी परत जुनी गाडी उभी राहिली पाहिजे. जुनी बॉडी पुसून कपाटात. चालवायला नवी बॉडी, नवे टायर आणि बंपर मागवलाय.

जुनंतेसोनं
नाराज कशाला? मी तर म्हणतो हा नियम दगडावर कोरून ठेवा. भोक पाडायचं नाही!

अंबडफिटर
माझीपण हरकत नाही. मग माझं काम ऐका : बेअरिंग. या किटांमध्ये ॲक्सलवर बुश, म्हणजे बिनगोळ्यांच्या साध्या कड्या येतात. जपानमधल्या बागेत ठीक आहे. आपल्याकडे मुरमाची धूळ बुशमध्ये गेली की ती आणि ग्रीस मिळून पॉलिश पेपर तयार होतो, ॲक्सल खाऊन टाकतो. 'छंदवाल्यांची' बेअरिंग महाग पडतात. जुन्या बुशचं माप घ्या, आतलं ५, बाहेरचं ११, जाडी ४ मिलिमीटर असेल तर बेअरिंगच्या दुकानात जाऊन एमआर ११५ मागा. दोन्हीकडून रबर सील असलेलं, टूआरएस. पत्र्याच्या झाकणाचं नको, धूळ आत जाते. 'खेळण्यासाठी पाहिजे' म्हणू नका, दुकानदार हसतो आणि भाव वाढवतो.

गोदाकाठचा
अपडेट, आणि माझी फजिती.

पार्सल तीन आठवडे अडकलं. कुठे ते लिहीत नाही. २०२० मध्ये खेळण्यांवरची आयात ड्युटी २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर, हे मला पैसे भरताना कळलं. मामांनी बॅगेतून आणली तेच बरं होतं.

थांबवेना म्हणून शेजारच्या मुलाकडून थ्रीडी प्रिंटरवर बंपर छापून घेतला. झकास दिसत होता. शनिवारी दुपारी पाथर्डी फाट्याला कामासाठी थांबलो, गाडीच्या मागच्या काचेखाली बंपर ठेवला होता. दीड तासाने आलो तर बंपर नव्हता, जिलबी होती.

मुरूमखडी
पीएलए! छपाईचं ते नेहमीचं प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, मे महिन्यातल्या बंद गाडीत मागच्या काचेखाली तेवढं सहज होतं. निदान पेटीजीमध्ये छापा, ते जास्त उष्णता सोसतं. पण बंपरसाठी छापलेलं काहीच नको. थर थरावर चिकटलेले असतात, आपटला की थरावरच सुटतो.

अंबडफिटर
निळं पिंप! केमिकलचं, एचडीपीई प्लॅस्टिकचं. कुठल्याही भंगारवाल्याकडे फुटकं मिळतं. तीन-चार मिमी जाड भिंत असते. कागदाचा नमुना काढा, हॅक्सॉने कापा, कड कानशीने मारा. वाकवायचं असेल तर हीट गनने गरम करून लाकडाच्या ठोकळ्यावर दाबून धरा, गार होईपर्यंत सोडू नका. ते तडकत नाही, नुसतं वाकून परत येतं. आपटल्याचा झटका बंपर गिळतो, मागच्या स्क्रूच्या भोकांना लागू देत नाही. फक्त आधी काय भरलं होतं ते विचारून घ्या आणि स्वच्छ धुवा.

गोदाकाठचा
केलं. निळा बंपर काळ्या गाडीला इतका विचित्र दिसतो की मुलाने त्याला 'मिशी' नाव ठेवलंय. मागवलेला बंपर आला, पण मुलगा मिशी काढू देत नाही.

शाई_आणि_ब्रश
बॉडी रंगवणाऱ्यांसाठी, कारण इथे कुणी लिहिलं नाही. माझ्या लेकाने पहिली बॉडी बाहेरून रंगवली होती, पहिल्याच पलटीत रंग साफ. पॉलिकार्बोनेटला रंग आतून मारायचा. म्हणजे सगळं उलटं. जुन्या देवघरात काचेवर मागून रंगवलेले देव असायचे ना, तसं : आधी डोळ्याची बुबुळं, मग डोळा, मग चेहरा, शेवटी मागची निळी भिंत. इथेही आधी बारीक रेघा आणि गडद रंग, मग फिका, आणि अगदी शेवटी सगळ्याच्या मागे पांढऱ्याचा किंवा चंदेरीचा एक हात, म्हणजे फिका रंग मळकट दिसत नाही. पूर्ण काळी असेल तर काहीच डोकेदुखी नाही.

आधी साबणाने धुवा, नाहीतर साच्याचं तेल राहतं. खिडक्यांचे मास्क नखाने कडेकडेने दाबा. रंग पॉलिकार्बोनेटचाच हवा. दुचाकीचा स्प्रे मारला तर बॉडी वाकली की खवले पडतात. पातळ थर, मधे पंधरा मिनिटं. बाहेरची संरक्षक फिल्म सगळं झाल्यावर सोला. तो क्षण मी लेकाला देते, स्वतः करत नाही, पण मनात फार येतं.

ग्रासहॉपरची बॉडी मात्र जाड कडक प्लॅस्टिकची, ती बाहेरूनच रंगवतात. गल्लत करू नका.

चहाबिस्किट
ताई, वाचनखूण साठवली आहे.

पहिलीच_खेप
मला किट परवडणार नाही. जुन्या वळणाची गाडी घरीच बनवता येईल का? सँड स्कॉर्चरसारखी?

मुरूमखडी
येते. दोन बनवल्यात, तिसरी टेबलावर आहे. पहिली टाकाऊ निघाली हे आधीच सांगतो.

खालची पट्टी तीन मिमी ग्लास-एपॉक्सी. दुकानात 'हायलम' म्हटलंस तर तपकिरी बेकलाइटची शीट देतील, ती नको, कोपऱ्यावर आपटली की बिस्किटासारखी तुटते. हिरवट-पिवळी, कडेला काचेचे धागे दिसणारी पाहिजे. आपल्याकडे सातपूर-अंबडला पॅनेलवाले आणि स्विचगिअरवाले ती इन्सुलेशनसाठी वापरतात, कापून उरलेले तुकडे त्यांच्याकडे पडलेले असतात. गाडीला लागतो केवढा, चार बाय दहा इंच. गोड बोललं तर चहावर मिळतो. कापताना पाणी सोडत काप आणि मास्क लाव. त्याची धूळ म्हणजे काचच. पहिल्या गाडीला मी अर्ध्या बाहीच्या शर्टावर गॅलरीत कापत बसलो होतो, दोन दिवस हात खाजत होते आणि दोरीवरचे वाळलेले टॉवेलसुद्धा. घरात अजून त्याचा उल्लेख होतो.

ॲल्युमिनियमचे आर्म लेसरवर कापून घेता येतात. एका नगासाठी कोणी मशीन लावत नाही. आराखड्याची डीएक्सएफ फाइल तयार ठेव आणि दुसऱ्या कुणाच्या मोठ्या जॉबमध्ये पत्र्याची जागा उरते तिथे आपले तुकडे बसवून घे. त्यांना फुकटचं, आपल्याला स्वस्त. दोन आठवडे थांबायची तयारी हवी.

गिअरबॉक्स मात्र बनवत बसू नकोस. पहिल्या गाडीत तोच शहाणपणा केला होता. जुना तयार घे. मोटर बसवताना पिनियन (मोटरवरचं लहान दातेरी चाक) आणि मोठ्या दातेरी चाकाच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी धर, मोटर दाबून स्क्रू आवळ, मग चाक फिरवून कागद बाहेर काढ. कागदावर दात्यांच्या घड्या स्वच्छ उठल्या पाहिजेत, फाटता कामा नये. फाटला तर फार घट्ट बसवलंयस.

टायरही विकत घे. टीपीयूचे, म्हणजे रबरासारख्या प्लॅस्टिकचे छापून बघितले, ९५ए कडकपणाचे. दिसतात हुबेहूब, मुरमावर पकड मात्र बाटलीच्या बुचाएवढी.

पहिलीच_खेप
दादा, गॅलरी नाही, गच्चीवर कापतो.

बागायतदार_निफाड
मंडळी, चालवणार कुठे? शहरात मैदानं कुठे उरली! आमच्याकडे या. द्राक्षं उतरली, खरड छाटणीपण झाली. घराशेजारी बारा-पंधरा गुंठे पडीक आहे, मुरूम टाकलेला. ठिबकच्या जुन्या सोळा मिमीच्या नळ्या ढिगाने पडल्यात, त्या अंथरून वळणं आखतो. गाडी आदळली तरी नळी सरकते, गाडी मोडत नाही. बसायला कांद्याची चाळ आहे, सावली भरपूर. फक्त पावसाच्या आत या. एकदा का काळी माती भिजली की चाकाला भाकरीएवढा गोळा लागतो, मग गाडी नाही, नांगर होतो.

बागेत मात्र घालू नका. तारेत अडकते.

गोदाकाठचा
आलोच समजा. त्याआधी शेवटची शंका. टेरेसवर पहिली फेरी मारली. मागची बाजू वासरासारखी उड्या मारते! सरळ जातच नाही. शॉकअपमध्ये चारशेचं तेल घातलंय. नऊशेचं, म्हणजे आणखी जाड, घालू का? की मागे नवे लांब शॉकअप लावू?

अंबडफिटर
नवे शॉकअप लावा. ब्रॅकेट मी करून देतो. दोनच भोकं...

जुनंतेसोनं
भोकं???

अंबडफिटर
राहू द्या, चुकून निघालं तोंडातून.

मुरूमखडी
तेलाने जाणार नाही ते. मागे गिअरबॉक्स, मोटर, ॲक्सल हा सगळा एकच ठोकळा आहे आणि तो आख्खा चाकांबरोबर वर-खाली होतो. एका चाकाखाली खडा आला की जड मोटरसुद्धा उडते. बाकी गाडी हलकी, मग शेपूट वाजणारच. जाड तेलाने ठोकळा लवकर खाली येत नाही, पुढच्या खड्यापर्यंत हवेतच राहतो. उलट तीनशे घालून बघा, टायरमध्ये फोम थोडा मऊ, आणि वळणावर रेस सोडून द्या. तरीही उड्या मारेल. माझ्या दोन नंबरच्या गाडीत मी हे सगळं काढून चारही चाकं सुटी केली. छान सरळ जाते. महिना झाला, मी ती बाहेर काढलेली नाही.

बागायतदार_निफाड
वासराला दावं लावू नका भाऊ, येऊ द्या तसंच.

गोदाकाठचा
कालचा वृत्तांत. सात गाड्या, चौदा माणसं, एक कुत्रं. कुत्र्याला फक्त हॉर्नेटचा राग होता, बहुधा मिशीमुळे.

मामा आले होते. मस्कत सोडून त्यांना वीस वर्षं झाली, हल्ली गुडघ्यांमुळे कुठे जात नाहीत. चाळीत खुर्चीवर बसून बघत होते. गाडी उड्या मारत वळणावर आली की म्हणायचे, 'हां, हीच.' पेटीजीच्या, लायपोच्या, कशाच्याच गप्पांत त्यांना रस नव्हता. एकदाच गाडी हातात घेतली, उलटी केली आणि मागच्या एका स्क्रूवर अंगठा ठेवून म्हणाले, हा तुझ्या बाबांनी तिरका घातला होता, अजून तिरकाच आहे.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. तो स्क्रू मी परवाच उघडून परत लावला होता. 'टक' ऐकूनच.

मग मामांच्या हातात रिमोट दिला. आताचा पिस्तुलासारखा, चाक फिरवायचा. त्यांना जमेना. गाडी डावीकडे, मामा उजवीकडे, शेवटी ठिबकच्या ढिगात. म्हणाले, 'माझ्या रिमोटला दोन दांड्या होत्या रे. एक पुढे-मागे, एक डावी-उजवी.' दोनदा म्हणाले.

तर मंडळी, पुढचा प्रश्न : २.४ चा, पण दोन दांड्यांचा रिमोट कुणाकडे पडून आहे का? विकत चालेल, उसना चालेल.

दोनसेल
विमानाचा आहे माझ्याकडे. विमानाच्या रिमोटची रेसची दांडी सोडली तिथेच राहते, मधे परत येत नाही. आत स्प्रिंग घालावी लागते. बुधवारपर्यंत घालतो. गुरुवारी संध्याकाळी शालिमारला या, घेऊन जा. पैशांचं नंतर बघू.

बागायतदार_निफाड
रविवारी परत या मग. मामांना घेऊन. पाऊस अजून आठ-दहा दिवस येत नाही.